क्रॉस-कंट्री स्की क्लबच्या डे लॉजचे नूतनीकरण: लोकवर्गणी कशी उभारावी?

प्रश्न: खजिनदार, अल्बर्टा

नमस्कार. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात एडमंटनपासून काही अंतरावरच्या एका छोट्या गावात क्रॉस-कंट्री स्की क्लब आहे आणि त्याच्या कार्यकारिणीत मी खजिनदाराचे काम पाहतो. क्लब ही नफा न कमावणारी नोंदणीकृत संस्था असून सभासद कुटुंबे शंभराच्या आसपास आहेत. स्कीच्या वाटा ज्या जंगलातून जातात ती जमीन नगरपालिकेची आहे, आणि त्या वाटांच्या तोंडाशी असलेली डे लॉज १९८० च्या दशकात तेव्हाच्या सभासदांनी श्रमदानाने बांधलेली आहे. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, की ही मुक्कामाची जागा नव्हे. बूट बदलणे, डबा खाणे, उणे वीस अंशांत गारठलेली मुले शेगडीपाशी बसवणे आणि स्कीच्या तळाला वॅक्स (मेण) लावणे, एवढाच तिचा उपयोग, पण तिच्यावाचून मुलांचे शनिवारचे प्रशिक्षणवर्ग चालूच शकणार नाहीत.

इमारत आता थकली आहे. छपरातून ऊब निसटते, त्यामुळे वरचा बर्फ वितळून पन्हाळीपाशी पुन्हा गोठतो आणि साचलेले पाणी आत भिंतीवरून ओघळते. वॅक्स लावण्याच्या खोलीत धूर बाहेर काढण्याची सोय नाही, शौचालय बाहेर आहे, आणि बसून चालवायची स्की वापरणाऱ्या एका सभासदाला दारातल्या दोन पायऱ्यांवरून दर वेळी कोणीतरी उचलून आत न्यावे लागते. कंत्राटदारांच्या प्राथमिक अंदाजानुसार खर्च चार लाख डॉलरच्या घरात जातो; आमची गंगाजळी त्याच्या दहाव्या हिश्शाइतकीही नाही.

अनुदानासाठी आधी अर्ज करावा, की आधी गावातून वर्गणी जमवावी, याबद्दल कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. शिवाय क्लबला देणगी दिल्यास करसवलतीची पावती मिळेल का, असे प्रत्येक जण विचारतो, आणि कॅसिनोत (जुगारगृहात) स्वयंसेवा करून संस्थांना मिळणाऱ्या निधीला काही सभासदांचा तात्त्विक विरोध आहे. मंडळींपैकी कोणी अशा कामातून गेले असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: कॅल्गरीकर

आमच्या भागातल्या कम्युनिटी हॉलच्या दुरुस्तीसाठी नेमलेल्या समितीत मी काम केले आहे, त्या आधारावर लिहितो.

वर्गणी की अनुदान, या वादाच्याही आधी एक कागद हातात असायला हवा, आणि तो म्हणजे भाडेपट्टा. इमारत क्लबच्या मालकीची की नगरपालिकेच्या, आणि पट्ट्याची किती वर्षे शिल्लक आहेत, हे लेखी स्वरूपात नसेल तर कोणताही अनुदानदाता अर्ज पुढे सरकवणार नाही. चार-पाच वर्षांत संपणाऱ्या पट्ट्याच्या जागेवर सार्वजनिक पैसा कोण ओतेल? म्हणून नगरपालिकेकडून आधी पट्ट्याचेच दीर्घ मुदतीचे नूतनीकरण करून घ्यावे, आणि त्याच बैठकीत नगर परिषदेचे पाठिंब्याचे पत्रही मागावे.

अल्बर्टात अशा इमारतींसाठी प्रांत सरकारचा कम्युनिटी फॅसिलिटी एन्हान्समेंट प्रोग्राम हा सर्वांत सरळ मार्ग आहे. तो समतुल्य वाट्याच्या तत्त्वावर चालतो, म्हणजे जितके सरकार देईल तितके आपण उभे केल्याचे दाखवावे लागते. अर्ज आधी की वर्गणी आधी, याचे उत्तर इथेच मिळते: आधी आपला वाटा, मग अर्ज. आपला वाटा नुसता रोकडच असावा लागतो असे नाही. सभासदांचे श्रमदान, दान मिळालेले लाकूड, कोणी फुकट आणून चालवलेले खोदकामाचे यंत्र, हे सारे ठरलेल्या दराने त्यात धरता येते, आणि साध्या मजुरीचा, कुशल कारागिराचा व यंत्राचा दर वेगवेगळा असतो. मात्र तासांची नोंद तारीखवार व सहीनिशी ठेवावी. सुतारकाम येणाऱ्या सभासदाने ‘बरेच शनिवार दिले’ असे नंतर आठवून लिहिलेले हिशेबात टिकत नाही. आणखी एक सावधगिरी: अर्ज करण्याआधी झालेला खर्च बहुतेक अनुदाने ग्राह्य धरत नाहीत, तेव्हा उत्साहाच्या भरात छप्पर उतरवायला घेऊ नये.

गावातल्या वर्गणीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. गणेशोत्सवात पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरण्याची आपल्याला सवय असते, पण इथे दार वाजवून फार काही हाती लागत नाही. जे चालते ते असे: मोठ्या देणग्या आधी, खाजगीत, आणि समोरासमोर मागायच्या. जुन्या बांधकामात ज्यांचे हात लागले होते अशी ज्येष्ठ कुटुंबे, गावातला लाकडाचा व्यापारी, यंत्रसामग्री भाड्याने देणारा, अशा पंधरा-वीस जणांकडे कार्यकारिणीतल्या दोघांनी भेटीची वेळ ठरवून जावे. लक्ष्याचा निम्म्याच्या आसपास हिस्सा असा पदरात पडल्यावरच मोहिमेची जाहीर घोषणा करावी. शून्यावर उभा असलेला तक्ता चौकात लावला तर लोकांना तो शून्यच दिसतो.

उत्तर: लेखापरीक्षक, टोरांटो

करसवलतीचा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे, कारण या बाबतीत क्लब पुष्कळदा चुकीची आश्वासने देऊन बसतात.

नफा न कमावणारी संस्था आणि नोंदणीकृत धर्मादाय संस्था हे कॅनडाच्या आयकर कायद्यातले दोन वेगळे वर्ग आहेत. देणगीची करपावती देण्याचा अधिकार पहिल्या वर्गाला नाही. ‘मग आपणही धर्मादाय नोंदणी करू’ असे म्हणणाऱ्यांना २००७ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवावा. ओंटारियोतल्या युवा फुटबॉलच्या एका संस्थेच्या प्रकरणात न्यायालयाने असे ठरवले, की केवळ खेळाचा प्रसार हा स्वतःहून धर्मादाय हेतू ठरत नाही. हौशी क्रीडासंस्थांसाठी कायद्यात वेगळी नोंदणी आहे, पण ती देशपातळीवर काम करणाऱ्या संघटनांसाठी; गावच्या क्लबला ती लागू होत नाही.

तरीही वाट आहे, आणि आपल्या बाबतीत ती जवळच आहे. नगरपालिकांना करपावती देता येते. जमीन त्यांची आहेच. लॉजही त्यांच्या मालकीची असेल किंवा तशी केली, तर देणगीदार ‘लॉज नूतनीकरण निधी’ म्हणून नगरपालिकेला धनादेश देऊ शकतात आणि पावती नगरपालिका देते. यात अट एकच, पण ती कडक आहे: पैशावर आणि कामावर खरे नियंत्रण नगरपालिकेचे राहिले पाहिजे. एका दाराने धनादेश आत आणि दुसऱ्या दाराने तोच क्लबच्या खात्यात, असा नुसता वळसा करआयुक्तांना मान्य होत नाही. म्हणून निधी कशावर, कोणाच्या मंजुरीने आणि कोणत्या टप्प्याने खर्च होईल याचा लेखी करार आधी करावा. इमारतीची मालकी सोडणे जुन्या सभासदांच्या जिवावर येईल याची मला कल्पना आहे, परंतु विमा आणि मोठ्या दुरुस्त्यांचा भार पाहता ते वाईट ठरेलच असे नाही.

पावतीचा फायदा अल्बर्टात लक्षणीय आहे. २०२३ पासून वर्षातल्या पहिल्या २०० डॉलरच्या देणगीवर प्रांताची करसवलत ६० टक्के आहे, आणि केंद्राची त्याशिवाय. त्यामुळे मध्यमवर्गीय कुटुंबाकडे ‘२०० डॉलर द्या’ असे नेमके मागणे हे ‘यथाशक्ती द्या’ म्हणण्यापेक्षा सोपे जाते. मात्र श्रमदानाला करपावती नाही, कारण सेवा ही कायद्याच्या दृष्टीने देणगी होत नाही. वीजतंत्रज्ञ सभासदाला पावती हवीच असेल तर त्याने बिल द्यावे, ते प्रत्यक्षात चुकते व्हावे, आणि मग त्याने स्वेच्छेने तेवढ्या रकमेचा धनादेश लिहावा. त्याच्या उत्पन्नात मात्र ती रक्कम धरली जाईल. निधीसाठी भोजन ठेवले तर जेवणाची किंमत वजा जाता उरलेल्या रकमेचीच पावती निघते.

उत्तर: स्थापत्य अभियंता, सॅस्कटून

चार लाखांचा अंदाज कशाकशाचा आहे, हे प्रश्नात आलेले नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. १९८० च्या दशकातली इमारत उघडण्यापूर्वी ॲस्बेस्टॉसची तपासणी करून घ्यावी. फरशीखालच्या थरात किंवा भिंतीच्या लेपात ते सापडले तर ते काढल्याशिवाय तोडफोड करता येत नाही, आणि हा खर्च प्राथमिक अंदाजात क्वचितच धरलेला असतो. छपरात ऊबरोधक थर वाढवला की वरचा बर्फ पूर्वीसारखा वितळून जाणार नाही. तो साचून राहील, तेव्हा छपराला आधार देणाऱ्या जुन्या कैच्या तो भार पेलतील का, हे परवानाधारक अभियंत्याकडून लिहून घ्यावे. आकस्मिक खर्चासाठी पंधरा ते वीस टक्के बाजूला ठेवावेत. जुन्या लाकडी इमारतीत भिंतीमागे काय निघेल, याची खात्री कोणताही कंत्राटदार देत नाही.

कामाचे टप्पे पाडताना देणगीदाराच्या नजरेने पाहावे, असे माझे मत आहे. सांडपाण्याच्या टाकीसाठी कोणी आपल्या आजोबांच्या नावाने देणगी देत नाही. तसले न दिसणारे काम अनुदानातून करावे आणि बाके, शेगडी, मोठी खिडकी, दारातला उतार या गोष्टी वर्गणीसाठी राखून ठेवाव्यात. वॅक्सच्या खोलीबद्दल सांगायचे, तर आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धांत फ्लोरिनयुक्त वॅक्सवर पूर्ण बंदी आणली आहे, पण साध्या पॅराफिन वॅक्सचा इस्त्रीखाली निघणारा धूरही मुलांच्या फुफ्फुसांसाठी चांगला नाही. ‘मुलांसाठी स्वच्छ हवा’ एवढ्या एका ओळीवर त्या पंख्याचे पैसे गावातला एखादा सेवाभावी मंडळाचा गट देऊन टाकेल.

उत्तर: ट्रोंडहाइमहून

इथे नॉर्वेत हा खेळ शाळेइतकाच रोजचा, त्यामुळे पैशाची व्यवस्थाही मुरलेली आहे. सरकारी लॉटरीच्या नफ्यातून क्रीडासुविधांच्या मान्य खर्चाच्या साधारण एक-तृतीयांशापर्यंत मदत मिळते, बांधकामावरचा मूल्यवर्धित कर अर्ज करून परत मागता येतो, आणि लॉटरी खेळणारा आपल्या पसंतीच्या एका स्थानिक संस्थेचे नाव नोंदवू शकतो; त्याच्या खेळरकमेच्या ७ टक्के इतकी रक्कम त्या संस्थेला जाते. ही सोय २००९ मध्ये ५ टक्क्यांनी सुरू झाली होती. यातले आपल्याला तिकडे जसेच्या तसे नेता येणार नाही, हे उघड आहे.

नेता येईल ती एकच गोष्ट, ती म्हणजे दुग्नाद, अर्थात सामूहिक श्रमदान. सभासदत्व म्हणजे शुल्क अधिक श्रम, असे इथे गृहीतच असते. कोणी वाटेवरची झुडपे छाटतो, कोणी रविवारी वाफल भाजून विकतो, आणि ज्याला यायला जमत नाही तो अनेक क्लबांत त्याबदली ठरलेली रक्कम भरतो. सरसकट शुल्कवाढीपेक्षा ही पद्धत मला न्याय्य वाटते, कारण हातात वेळ आहे पण पैसा नाही अशा कुटुंबाला ती क्लबबाहेर ढकलत नाही. वर कॅल्गरीकरांनी म्हटलेला श्रमदानाचा वाटा त्यातूनच भरून निघेल.

प्रश्नकर्ता: खजिनदार, अल्बर्टा

सर्वांचे आभार. पट्टा आणि मालकीचा विषय येत्या सभेत सर्वांत आधी घेतो. कॅसिनोबद्दल मात्र कोणी लिहिले नाही. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे, की मुलांच्या खेळासाठी जुगाराचा पैसा नको. ही रक्कम इतकी मोलाची असते का, की त्यासाठी क्लबात फूट पडू द्यावी?

उत्तर: कॅल्गरीकर

भारतातल्या वाचकांना हा प्रकार चमत्कारिक वाटेल, म्हणून आधी पद्धत सांगतो. अल्बर्टात परवानाप्राप्त सेवाभावी संस्थेचे स्वयंसेवक लागोपाठ दोन दिवस कॅसिनोत बिनपगारी काम करतात: रोखपाल, टेबलांपर्यंत चिप (पैशाऐवजी वापरायच्या चकत्या) पोचवणारे, आणि बंद झाल्यावर पेट्यांतल्या नोटा मोजणारे. मोजणीच्या खोलीतली पाळी उत्तररात्रीपर्यंत चालते, तिला तरुण सभासद नेमावेत. विभागातले उत्पन्न ठरावीक कालावधीसाठी एकत्र करून त्या काळात काम केलेल्या संस्थांना समान वाटले जाते, त्यामुळे आपल्या दोन दिवसांत गर्दी कमी होती म्हणून नुकसान होत नाही. मात्र केवळ सभासदांच्या मौजेसाठी असलेल्या मंडळाला परवाना मिळत नाही. सर्वांसाठी खुल्या वाटा आणि मुलांचे प्रशिक्षण कागदोपत्री दाखवावे लागते. पैसा वेगळ्या खात्यात राहतो आणि मंजूर कारणांवरच खर्च करता येतो.

रक्कम मोलाची असते, यात वाद नाही. वडे आणि केक विकून तेवढी जमवायला कित्येक हंगाम जातील. पण ग्रामीण विभागात पाळी येण्यास जास्त काळ थांबावे लागते आणि वाटाही मोठ्या शहरांहून कमी येतो, ही जुनी तक्रार आहे. आपल्या बांधकामाच्या वेळापत्रकात ती पाळी बसतच नसेल, तर फूट पाडणारा वाद आज कशाला ओढवून घ्यायचा? विरोधकांना विचारावे, की त्याऐवजी कोणते काम ते अंगावर घेतील. ऑक्टोबरातली जुन्या स्की-बुटांची विक्री त्यांच्याकडे सोपवावी. मुलांचे पाय दर वर्षी वाढतात, त्यामुळे या विक्रीला गिऱ्हाईक हमखास असते आणि क्लबला प्रत्येक जोडीमागे ठरावीक टक्के सुटतात. रिकाम्या बाटल्या-डब्यांची मोहीमही त्यांनाच द्यावी. एक लिटरपर्यंत १० सेंट आणि त्याहून मोठ्याला २५ सेंट अनामत परत मिळते, आणि सणांच्या सुट्ट्या संपल्या की गावातल्या प्रत्येक गॅरेजमध्ये पिशव्या भरून पडलेल्या असतात. सोडत काढायची झाल्यास मात्र तिलाही परवाना लागतो, आणि तुमच्या विरोधकांच्या व्याख्येत ती जुगारात मोडते की नाही, हे तिकिटे छापण्यापूर्वी त्यांनाच विचारून घ्यावे.