अग्निशामकाचा कर्करोग: कामावरची इजा म्हणायचे का, आणि सिद्ध कोणी करायचे?

शिडीदोर

कामगारांच्या नुकसानभरपाईचा आपला 1923 चा कायदा मुळात अपघात डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणात गेला आणि ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, पण ढाचा जुनाच राहिला. शिडीवरून पडून पाय मोडला तर तारीख, वेळ, साक्षीदार सगळे हाताशी असते. इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली एवढे दाखवले की पुरे, चूक कोणाची हे कोणी विचारत नाही. पण वीस वर्षे धूर खाल्लेल्या विमोचकाला, म्हणजे अग्निशमन जवानाला, मूत्राशयाचा कर्करोग झाला, तर अर्जावर कोणत्या वर्दीची, म्हणजे आगीच्या कोणत्या बोलावण्याची, तारीख लिहायची?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशामकाचे काम गट 1 मध्ये टाकले. म्हणजे या कामाने माणसाला कर्करोग होतो हे मान्य झाले. पुरेसा पुरावा मूत्राशयाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) या दोन आजारांबाबत आहे. कॅलिफोर्नियात कायदाच असे धरून चालतो की आजार नोकरीतून आला, तसे नसेल तर ते मालकाने दाखवावे. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय कायद्यात 2011 पासून आजारागणिक सेवेची वर्षे ठरलेली आहेत: ल्युकेमिया आणि मेंदूच्या कर्करोगाला 5, वृषणाच्या 10, मूत्राशय आणि मूत्रपिंडाच्या 15.

महाराष्ट्राने अशी यादी करावी असे माझे ठाम मत आहे. मरणाच्या दारात असलेल्या माणसाकडे कार्यकारणभावाचा पुरावा मागणे हा अन्याय आहे.

खातेवही

विरोध नोंदवतो. गट 1 चा अर्थ पुरावा पक्का आहे, एवढाच. धोका किती मोठा, हे त्यातून कळत नाही. त्याच गटात तंबाखू आहे आणि डिझेलचा धूरही आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान आहे. तुमच्या यादीत तंबाखू खाणारा, विडी ओढणारा आणि निर्व्यसनी असे सगळे एकाच ओळीत बसतील, आणि नगरपरिषदेने "नाही" सिद्ध करायचे म्हटले तर ती करणार कशी? एका माणसाचा कर्करोग नेमका कशाने झाला हे कोणतीच तपासणी सांगत नाही. म्हणजे उलटवता येणारे गृहीतक म्हणायचे, पण प्रत्यक्षात ते उलटायचेच नाही.

आता रक्कम पाहा. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला महिन्याच्या वेतनाच्या 60 टक्के गुणिले वयाचा गुणक. वेतन कितीही जास्त असो, हिशेबात कमाल 15,000 च धरले जाते. 3 जानेवारी 2020 ला ही मर्यादा 8,000 वरून वाढली. वय 50 चा गुणक 153.09. म्हणून 9,000 गुणिले 153.09, म्हणजे 13,77,810 रुपये. मोठ्या महापालिकेला हे जड नाही. पण दोन बंब आणि वीस माणसे असलेल्या नगरपरिषदेला एका वर्षी दोन दावे आले तर बंबाची दुरुस्ती थांबते. अनेक विमा पॉलिसींत व्यावसायिक आजार वेगळा जोडून घ्यावा लागतो, आणि निविदा काढताना ते कलम कोणी वाचत नाही.

तिसरे_परिशिष्ट

दोघेही एक गोष्ट सोडून बोलत आहात. असे गृहीतक आपल्या कायद्यात पहिल्यापासून आहे.

1923 च्या कायद्याचे कलम 3(2) पाहा. तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक आजारांची यादी आहे. त्यातल्या ब भागातल्या कामावर एका मालकाकडे सलग किमान सहा महिने असलेल्या माणसाला त्या कामाचा आजार झाला, तर तो अपघाती इजाच मानायचा, "विरुद्ध सिद्ध होईपर्यंत". बेंझिन या कर्करोगकारक रसायनाने होणारे आजार त्या यादीत आहेत, अ‍ॅस्बेस्टॉसने होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमाही आहे. समोर लिहिले आहे "त्या धोक्याशी संपर्क येणारे सर्व काम". म्हणजे जुन्या गिरणीचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे जळताना आत गेलेल्या जवानाला मेसोथेलिओमा झाला, तर त्याला नवा कायदा लागत नाही.

अडते ते तीन ठिकाणी. एक, अग्निशमन हे काम म्हणून त्या यादीत नाही. त्यामुळे बेंझिनशी संपर्क आला हे आधी दाखवावे लागते आणि सगळी लढाई तिथेच हरली जाते. आगीच्या धुरात काय होते हे वीस वर्षांनी कोण सांगणार? सरकारला तीन महिन्यांची पूर्वसूचना देऊन अधिसूचनेने काम जोडता येते, हा अधिकार 1923 च्या कायद्यात राज्यालाही होता. विधानसभेत कायदा करायची गरजच नाही.

दोन, आणि हे जास्त गंभीर: गृहीतक नोकरीत असेपर्यंतच चालते. नोकरी सुटल्यावर आजार उमटला तर तो त्या कामातूनच आला हे सिद्ध करायचे ओझे कामगारावर येते. अशा कर्करोगांना अनेकदा पंधरा-वीस वर्षे किंवा जास्त लागतात, म्हणजे बरेच जण निवृत्तीनंतरच आजारी पडणार. कॅलिफोर्नियाने यावर तोड काढली आहे: सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे तीन महिने, कमाल 120 महिने, एवढा काळ नोकरी संपल्यावरही गृहीतक चालू राहते.

तीन, सहा महिन्यांची सलग सेवा. ठेकेदार मध्येच बदलला की "एक मालक, सलग सेवा" यावरच पहिला आक्षेप येतो.

खातेवही, तुमचा तंबाखूचा मुद्दा मला मान्य नाही. विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसात अ‍ॅस्बेस्टॉस गेला तर धोका कमी होत नाही, कितीतरी वाढतो. कायद्याला एकमेव कारण नको आहे.

खातेवही

अ‍ॅस्बेस्टॉसबाबत मान्य. पण मग यादी पुराव्याला धरून ठेवा. 2022 च्या त्याच निष्कर्षात मोठे आतडे, पुरःस्थ ग्रंथी, वृषण, त्वचेचा मेलानोमा आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमा यांचा पुरावा "मर्यादित" म्हटला आहे. फुप्फुसाचा कर्करोग त्या दोन्ही यादींत नाही. ऑस्ट्रेलियाने 2011 मध्ये जी यादी केली ती या मूल्यमापनाच्या अकरा वर्षे आधीची आहे. ती उचलून इथे चिकटवू नका.

दुसरे, ठेक्यावरचे जवान. त्यांच्या एजन्सीकडे 10 किंवा जास्त माणसे आणि वेतन 21,000 पर्यंत असेल, तर राज्य कामगार विमा (ईएसआय) लागू होतो, आणि तो लागू असला की नुकसानभरपाईचा वेगळा दावा करता येत नाही. तिथे कामावरच्या इजेत किंवा व्यावसायिक आजारात वेतनाच्या सुमारे 90 टक्के मिळतात, मृत्यू झाला तर वारसांना दरमहा. एकरकमी तेरा लाखांपेक्षा हे बऱ्याच घरांना जास्त काळ पुरेल. वर्गणी भरली जाते की नाही हे दर महिन्याला तपासा, ते आज करता येते.

धूरमापक

यादी करा किंवा करू नका, नोंद नसेल तर दोन्ही बाजू अंधारात भांडणार. म्हणून धूर अंगात कधी जातो ते आधी सांगतो.

मुखवट्याला हवा देणाऱ्या पाठीवरच्या 6.8 लिटरच्या बाटलीत 300 बार दाबाला सुमारे 2,000 लिटर हवा असते. मिनिटाला 40 लिटर धरले तर कागदावर 50 मिनिटे. जिना चढताना, भिंत फोडताना माणूस मिनिटाला 80 लिटरपर्यंत ओढतो, मग 25 मिनिटे. 55 बारच्या आसपास शिट्टी वाजते, तो साठा बाहेर पडण्यासाठी. म्हणजे कामाला हातात वीस मिनिटे, आणि गाडीवर बदली बाटल्या मोजक्या. त्या ज्वाळा असताना संपतात.

मग येते कूलिंग, म्हणजे आग विझल्यावर धुमसणारा ढिगारा थंड करणे. ज्वाळा गेल्या, धूर विरळ झाला, कार्बन मोनॉक्साइडचा मीटर खाली आला, म्हणून मुखवटा उतरतो. चूक इथेच होते. धुमसणारी गादी, तारांचे प्लास्टिक, फर्निचरचा फोम यांतून बेंझिन आणि काजळीतले कर्करोगकारक द्रव्य निघतच असते. मीटर एकच वायू मोजतो, बाकीची साक्ष तो देत नाही. आग विझायला चाळीस मिनिटे आणि कूलिंगला सहा तास, हे प्रमाण गोदामाच्या आगीत नेहमीचे आहे. शिवाय काजळी नुसती नाकातून जात नाही. मानेवर आणि मनगटावर बसते आणि कातडीतून आत जाते. तोच काळा कोट केंद्रात झोपायच्या खोलीत टांगला की पुढची पाळीही त्यात येते.

खातेवहींना कमी खर्चाचा उपाय हवा असेल तर: जागेवरच कोट ब्रशने आणि पाण्याने धुणे, मान-हात पुसणे, तासाभरात अंघोळ, प्रत्येकाला कोटाचे दोन संच, आणि बंब चालू करायच्या जागी डिझेलचा धूर बाहेर नेणारी नळी. दोन संचांची मागणी नेहमी पहिली कापली जाते, आणि ती सर्वांत जास्त लागते.

शिडीदोर

प्रतिबंध आणि भरपाई यांत निवड करायला कोणी सांगितले? आज 48 वर्षांचा असलेला जवान 2005 मध्ये ओला रुमाल बांधून आत गेला. त्याला दोन संच आज देऊन काय उपयोग? "मर्यादित पुरावा" असलेले पाच आजार आत्ता बाहेर ठेवू, हे मी मान्य करतो. मूत्राशय आणि मेसोथेलिओमा या दोनांपासून सुरुवात करा, निवृत्तीनंतर दहा वर्षे धरा. यात नगरपरिषद बुडत नाही.

खातेवही

दोन आजार, किमान 15 वर्षे सेवा, आणि पैसा राज्याच्या निधीतून, एकट्या नगरपरिषदेच्या नाही. या तीन अटींवर माझा विरोध संपतो. निधीची अट सोडणार नाही.

तिसरे_परिशिष्ट

निधी राज्याचा असला तरी ठेक्यावरच्या माणसासाठी 1923 च्या कायद्याचे कलम 12 विसरू नका. नेहमीचे काम ठेक्याने करून घेतले तरी मूळ मालक जबाबदार असतो, नंतर त्याने ठेकेदाराकडून वसूल करावे. देय झाल्यापासून महिन्यात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि कारण पटले नाही तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. दंडाची रक्कम विमा कंपनी सहसा उचलत नाही, ती मालकाच्याच अंगावर येते. निविदेत हे स्पष्ट लिहून घ्या.

धूरमापक

जुन्या काळाची नोंद कुठून आणायची, असे वाचकांपैकी काहींनी विचारले आहे. केंद्रातली वर्दी पुस्तके आणि फायर रिपोर्ट पाहा. गाडी निघाली-परतली ती वेळ, गाडीवर कोण होते, काय जळाले, एवढे त्यात बहुधा असते. माहितीच्या अधिकारात मागताना "माझ्या सर्व वर्दी" असे लिहू नका, अर्ज मोघम म्हणून फिरतो. केंद्राचे नाव, पाळी आणि दोन-दोन वर्षांचा कालखंड लिहा, आणि आधी पाहणी मागा, मग प्रती. गोदाम, रसायन, टायर, अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असे शब्द ज्या वर्द्यांत आहेत त्याच प्रती काढा. ओल आणि वाळवी लागलेली पुस्तके नष्ट करायची यादी निघते, तेव्हा हरकतीचे पत्र आधी द्या आणि पोच घ्या. नव्या नोंदीत तीन रकाने वाढवा: कूलिंगची मिनिटे, मुखवटा लावला की नाही, कोट धुतला की नाही. प्रत जवानाच्या हातात गेली पाहिजे, ठेकेदाराच्या कपाटात नाही.