हायड्रोजनच्या फ्लँजवर रंग बदलणारी टेप: पावसाळ्यात भरवसा ठेवावा का?

प्रश्न: गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत उघड्या शेडखाली हायड्रोजन सिलिंडरांचा मॅनिफोल्ड (सिलिंडर एकत्र जोडणारा पाइप) आहे, त्यावर १२ फ्लँज (बोल्टने आवळलेले पाइपचे जोड). साबणाच्या पाण्याने गळतीची तपासणी महिन्यातून एकदाच होते. मधल्या दिवसांसाठी हायड्रोजन लागला की रंग बदलणारी टेप लावायची आहे. एकदा काळी पडली की काळीच राहणारी घ्यावी, की रंग परत येणारी? पावसात खोटा रंग येतो का?

उत्तर १: कायमची काळी पडणारीच घ्या. तिच्यात टायटॅनियम डायऑक्साइडवर बसवलेला पॅलेडियम ऑक्साइड असतो. हायड्रोजन त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि काळा पॅलेडियम धातू उरतो. रात्री झालेली गळती पहाटे थांबली, तरी सकाळच्या पाळीला डाग दिसतो. दुसऱ्या प्रकारात टंगस्टन ऑक्साइड निळा पडतो आणि हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा फिकट होतो. माणूस समोर उभा असेल तेव्हाच तो कामाचा. नुसत्या पाण्याने रंग बदलत नाही, पण ओलसर थर बसला की प्रतिसाद मंदावतो. हायड्रोजन सल्फाइडने मात्र पॅलेडियम निकामी होतो. आपल्याकडची लाल धूळ बसली तर फिकट टेपवरचा डाग दिसतच नाही, ती पुसत राहा.

उत्तर २: निम्मे अपयश लावण्यात असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेल, मीठ पुसा, पूर्ण सुकू द्या. दोन्ही फ्लँजच्या कडांवर, मधली फट झाकून, निम्मी निम्मी एकमेकांवर येईल अशी ताणून गुंडाळा. सैल टेपखालून वारा गॅस उडवून नेतो आणि बारीक गळती कळत नाही. बोल्टच्या भोकांतूनही गॅस निसटतो, तिथे टेप पोहोचत नाही. नटांवर साबणाचे पाणी चालूच ठेवा. त्याच रोलचा तुकडा शेजारच्या पाइपवर लावून ठेवा. दर तीन महिन्यांनी त्यातला थोडा कापून ५ टक्के हायड्रोजन, ९५ टक्के नायट्रोजनच्या मिश्रणात धरा. काळा पडला नाही तर सगळ्या फ्लँजवरची टेप बदला.

उत्तर ३: टेप वाजत नाही आणि प्रमाणही सांगत नाही. शेडच्या सर्वात उंच जागी डिटेक्टर हवाच, अलार्म ०.४ टक्क्याला, म्हणजे ४ टक्के या किमान ज्वलनमर्यादेच्या (हवेत इतका हायड्रोजन झाला की पेटू शकतो) दहाव्या हिश्शाला. काळी टेप दिसली तर दाबाखाली बोल्ट आवळायला जाऊ नका. उन्हात हायड्रोजनची ज्योत जवळजवळ दिसत नाही. दुरून सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, दाब सुरक्षित व्हेंटमधून सोडा, नायट्रोजन फिरवा, मगच फ्लँज उघडून गॅस्केट (मधली गळती रोखणारी चकती) बदला.

प्रश्नकर्ता: गॅस्केट बदलल्यावर जुनी टेप ठेवली तर चालेल?

उत्तर २: नाही. काळ्या जागेवर नवी गळती दिसणार नाही. कापून काढा, फ्लँज पुन्हा पुसा, नवी लावा.