चाऱ्यासाठी पहिला ट्रॅक्टर: नवा 24 एचपी की जुना 35?

फलटणजवळ अडीच एकर. दीड एकर नेपिअर गवत, बाकी लसूणघास आणि मका. चारा गोठेवाल्यांना विकतो. बैलजोडी दिवाळीत विकली. बजेट सहा लाख. गावातला एकजण 35 एचपीचा जुना स्वस्तात देतोय, पण आमच्या बांधाला वळायला जागा नाही. काय घेऊ?

उत्तर १: दादा, वळायला जागा नाही म्हणालात तिथंच उत्तर आलं. नेपिअरमध्ये मोठं धूड घातलं की ठोंब चिरडतात, फुटवा मार खातो. 24 एचपी फोर व्हील ड्राइव्ह बघा. लहान रोटाव्हेटर, ट्रॉली, पीटीओवरची (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालणारी) कुट्टी मशीन, सगळं निघतं.

उत्तर २: बेलर (वाळल्या चाऱ्याचे गठ्ठे बांधणारं यंत्र) लावणार असाल तर मात्र लहान पुरणार नाही. पण ओल्या चाऱ्याला बेलर कशाला?

उत्तर ३: जुना घ्यायचाच तर पहाटे जा, इंजिन गार असताना. आधी बोनेटला हात लावा. मला दाखवला तेव्हा तापवूनच ठेवलेला. मग दोन हिवाळे उतारावर उभा करत होतो, सकाळी ढकलून चालू करायला! पीटीओला कुट्टी जोडून चालवून दाखवा म्हणावं. आरसीवर बँकेचा बोजा आहे का तेही बघा.

प्रश्नकर्ता: बोनेट गरमच होतं हो. उद्या सहाला न सांगता जातो.