सीरियावरचे निर्बंध उठले, तरी बँक पेमेंट घ्यायला तयार नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गोकुळ शिरगावात आमचं छोटं मशीन शॉप आहे. शिरोलीहून कास्टिंग आणतो आणि पंपाचे इंपेलर, केसिंग तयार करतो. 2011 च्या आधी वडील दुबईच्या व्यापाऱ्यामार्फत सीरियातल्या अलेप्पोला माल पाठवायचे. युद्ध पेटलं आणि ते गिऱ्हाईक तुटलं. आता त्या अलेप्पोच्या गिऱ्हाइकाच्याच मुलानं थेट मला ऑर्डर दिलीय. 30 टक्के आगाऊ द्यायलाही तयार आहे.

अडलंय ते बँकेत. ‘सीरिया’ दिसलं की फाइल मुंबईला जाते आणि नकार येतो, तोही तोंडी.

मी वाचलंय ते असं. सीरियाचे राष्ट्राध्यक्ष असद यांची राजवट 8 डिसेंबर 2024 ला कोसळली. मे 2025 मध्ये ट्रम्प यांनी रियाधमध्ये निर्बंध उठवण्याची घोषणा केली, त्याच महिन्यात युरोपीय संघानंही आर्थिक निर्बंध काढले. 30 जूनच्या आदेशानं अमेरिकेचा सीरिया निर्बंध कार्यक्रम 1 जुलैपासून संपला. मागे राहिला होता सीरियावर निर्बंध घालणारा सीझर कायदा. तो अमेरिकी काँग्रेसनं केलेला, त्यामुळे राष्ट्राध्यक्षांना तो फक्त काही काळ स्थगित ठेवता येत होता. शिवाय तो अमेरिकेबाहेरच्या कंपन्यांनाही लागायचा, म्हणून आपल्या बँकांना धास्ती. डिसेंबर 2025 मध्ये तोही रद्द झाला. मग आता अडचण कसली?

डॉलरमधलं पेमेंट न्यूयॉर्कच्या बँकांमार्गे फिरतं, म्हणून युरो किंवा दिरहममध्ये बिल करावं का? दुबईतल्या तिसऱ्या कंपनीकडून पैसे घे, असं काहीजण सुचवतात. पण आता जे उघडपणे करता येतं, ते आडवाटेनं करायला माझं मन घेत नाही. वडिलांनी कमावलेलं नाव आहे ते.

प्रतिसाद:
आडवाट नकोच, बरोबर बोललात. पण निर्बंध सरसकट गेलेले नाहीत. असद आणि त्यांच्या जवळच्या लोकांवरचे कायम आहेत. बँकेला भीती असते ती नेमकी निर्बंधांच्या यादीतल्या कुणाशी गाठ पडण्याची. खरेदीदाराची नोंदणी, मालकांची नावं, त्याची बँक, जहाज कंपनी, माल उतरायचं बंदर हे सगळं कागदावर मांडा. प्रत्येक नाव अमेरिकेच्या आणि युरोपीय संघाच्या यादीत तपासून तारखेसह प्रिंट जोडा. मग लेखी अर्ज द्या आणि नकार आलाच तर कारण लेखी मागा. हरकत कायद्याची आहे, बँकेच्या स्वतःच्या धोरणाची आहे, की परदेशातल्या मधल्या बँकेची, हे कळल्याशिवाय चलन बदलून उपयोग नाही. मधली बँक अडवत असेल, तरच युरोचं बघा. ईसीजीसीचं (निर्यातीचे पैसे बुडाले तर विमा देणारी सरकारी कंपनी) संरक्षण मिळेल का, तेही आधी विचारा. आगाऊ रक्कम खात्यात पडल्याशिवाय कास्टिंगची ऑर्डर देऊ नका.

धागाकर्ता:
मनापासून आभार. नावं आज रात्रीच तपासायला घेतो. त्याचा नोंदणीचा कागद अरबीत आहे. बँकेला चालेल असं प्रमाणित भाषांतर कोल्हापुरात कुणी करतं का, की पुण्याला जावं लागेल?