डोळ्यांची दुखणी, आणि न दुखणारीही : अनुभव धागा

गेल्या महिन्यात बाबांच्या चष्म्याची काडी तुटली म्हणून त्यांना घेऊन गेले. म्हटलं, त्याच फेरीत नंबरही बघून घेऊ. दोन तासांनी काचबिंदूचं निदान घेऊन आम्ही रिक्षात बसलो. डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ असतो, बाबांचा ३० आणि २७ निघाला. ना दुखणं, ना लाली. रोज पेपर वाचतात, शब्दकोडं सोडवतात. मग फील्ड टेस्ट झाली, म्हणजे समोर बघताना कडेचं किती दिसतं त्याची तपासणी. वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे स्टुलावर बसले होते. यंत्राची घरघर ऐकू येत होती, बटणाचा आवाज मात्र बराच वेळ येतच नव्हता. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "दिवे कमी लावले होते वाटतं."

वर्षभर दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागायचा आणि आम्ही म्हणायचो, "बाबा, बघून चाला की जरा."

तर तुमच्या घरी डोळ्यांचं काय झालं, पहिल्यांदा कशावरून लक्षात आलं, कुठे उशीर झाला, ते इथे लिहा. फक्त थेंबांची नावं सांगून एकमेकांचे डॉक्टर होऊ नका.

डोंबिवलीहून

तुमची आणि तुमच्या भावंडांचीही तपासणी करून घ्या. काचबिंदू घराण्यात फिरतो. आम्ही पाच भावंडं, तिघांना निघाला. मला ४४व्या वर्षी कळलं, तेही ताईने हाताला धरून नेलं म्हणून. जे गेलं ते परत येत नाही, पण रोज रात्री एक थेंब टाकून आहे ते नऊ वर्षं टिकलंय.

एक गोष्ट मला फार उशिरा एका नर्सबाईंनी सांगितली. थेंब टाकला की डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. नाहीतर औषध घशात उतरतं. मी इतकी वर्षं तोंड कडू का होतं याचा विचार करत होते!

कडेगावचा ऊसवाला

तीन वर्षांमागं पाचट काढताना उसाचं पान उजव्या डोळ्यावर सपकन लागलं. पाणी मारलं नि परत कामाला. दुसऱ्या दिवशी डोळा लालबुंद, उजेड बघवेना. शेजारची म्हातारी म्हणाली बाळंतिणीचं दूध घाल. ते नाही घातलं, पण मेडिकलमधनं थेंब आणले. दोन दिवस एकदम बरं वाटलं. तिथंच फसलो. त्यात स्टेरॉइड होतं. त्यानं वरची लाली दबली आणि खाली बुरशी मोकाट वाढली. आठव्या दिवशी मंडळी म्हणाली, "अहो, बुबुळावर पांढरं काय दिसतंय?" आमच्याकडं त्याला फूल पडणं म्हणतात.

मिरजेला गेलो. डॉक्टरांनी डोळा बधिर करून बुबुळ हलक्यानं खरवडलं, काचेवर घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसली. मग बुरशीचं औषध दर तासाला, रात्रीसुद्धा. मंडळी गजर लावून उठायची, टॉर्च दातात धरून थेंब टाकायची. दोन महिने चाललं. डोळा वाचला, फूल राहिलं. त्या डोळ्यानं माणूस आलाय एवढं दिसतं, कोण आलंय ते कळत नाही.

डॉक्टर म्हणाले, पाला, काडी, भाताचं तूस असलं काही डोळ्याला लागलं तर बुरशीचा धोका धरूनच चालायचं आणि स्वतःच्या मनानं थेंब टाकायचे नाहीत. आता पाचट काढताना प्लास्टिकचा साधा गॉगल लावतो. गडी हसतात. हसू देत.

भोसरीची शिक्षिका

२०२३च्या जुलैत आळंदीकडून डोळे येण्याची साथ सुटली तेव्हा माझ्या वर्गात एका सोमवारी ४१ पैकी १७ मुलं गैरहजर. उरलेल्यांतली सहा काळा गॉगल लावून आली आणि बाकावर सिनेमातल्या व्हिलनसारखी बसली. पालकांना वाटायचं, गॉगल लावला की साथ थांबते. नुसत्या बघण्याने डोळे येत नाहीत. हात, टॉवेल, उशीचा अभ्रा, आणि आमच्याकडे तर काजळाची एकच डबी तिघी बहिणींत, यांनी ते पसरतं. गॉगलने फक्त उजेड बोचत नाही.

साथ बहुतेक वेळा विषाणूची असते, त्यामुळे अँटिबायोटिकच्या थेंबांनी ती लवकर जात नाही. आठ-दहा दिवस धीर धरायचा, थंड पाण्याच्या घड्या ठेवायच्या, हात धुवायचे. पण डोळा खरोखर दुखायला लागला, उजेड सहन होईना किंवा पुसूनही धूसर दिसायला लागलं, तर ते नुसतं डोळे येणं नव्हे, डॉक्टर गाठायचा.

रांजणवाडीग्रस्त

रांजणवाडीवर लसूण चोळू नका, मी चोळलाय. पापणी भाजली ती वेगळीच. कोमट फडक्याने दहा-दहा मिनिटं शेकायचं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि पिळायची नाही. मला मात्र सहा महिन्यांत पाच झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी साखर तपासायला लावली. तीन महिन्यांची सरासरी ९.४! म्हणजे मधुमेहाची वर्दी मला पापणीने दिली. आता वर्षातून एकदा बाहुली मोठी करून आतला पडदाही तपासून घेतो. मधुमेहात पडद्यावर रक्तस्राव सुरू होतात तेव्हा सुरुवातीला दिसण्यात काहीच फरक पडत नाही म्हणे.

यवतमाळ

हे घराघरांत माहीत असायला हवं. माझ्या चार वर्षांच्या भाच्याने आजोबांची खायच्या चुन्याची ट्यूब उचलली आणि दोन्ही हातांनी दाबली. टोपण उडालं, चुना थेट डोळ्यात. पोरगं तडफडत होतं. आजोबा ओरडत होते, पाणी नको, पाण्याने चुना तापतो. अहो, तापतो तो कळीचा चुना. खायचा चुना आधीच विझवलेला असतो. ताईने कुणाचं ऐकलं नाही. पोराला मोरीत आडवं धरलं, मी पापण्या ताणून धरल्या आणि ती तांब्यामागून तांब्या पाणी ओतत राहिली. तीन बादल्या झाल्या.

दवाखान्यात पापणीच्या आत कागदाची रंगीत पट्टी लावून क्षार किती उरलाय ते बघितलं, परत सलाईनने धुतलं. मग वरची पापणी उलटी करून चिकटलेले कण कापसाच्या काडीने काढले. डॉक्टर म्हणाले, चुना आत आत शिरत जातो, न धुता गाडीत घातलं असतं तर रस्त्यातच डोळा गेला असता. आज तो तिसरीत आहे. आजोबांचा चुना आता मीटरच्या पेटीवर असतो.

नाशिकची नात

आमच्या आजीचा मोतीबिंदू 'पिकायची' वाट बघण्यात चार वर्षं गेली. त्यात मध्येच तिला चष्म्याशिवाय पोथी वाचता यायला लागली, तेव्हा तर सगळे म्हणाले, बघा, नजर परत आली. मोतीबिंदू घट्ट होताना जवळचा नंबर असा काही दिवस उतरतो, ती सुधारणा नसते. आणि हल्ली पिकवायची गरजच नाही, उलट फार कडक झाला की शस्त्रक्रिया अवघड होते. अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून भिंग आत बसवतात, बहुधा टाकाही घालत नाहीत.

पट्टी काढल्यावर आजीने आधी स्वतःचं पातळ बघितलं. "हे पांढरं आहे? मला वाटत होतं बदामी." मग स्वयंपाकघरातल्या फरशीच्या सांधी बघितल्या आणि दोन दिवस आईशी नीट बोलली नाही.

वर्षाने परत धूसर. आजी म्हणाली, पुन्हा मोतीबिंदू आला. तो परत येत नाही. भिंगामागच्या पडदीवर साय धरते, ती लेझरने पाच मिनिटांत काढली.

(आधीच्या मजकुरावरून आठवलं)

ते कृत्रिम भिंग पहिल्यांदा १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी बसवलं. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे प्लास्टिकचे तुकडे घुसायचे आणि डोळा ते निमूट सहन करायचा, हे त्यांनी पाहिलं होतं. अवांतर आहे, पण मला भारी वाटतं.

बंगळूर, मायनस ९

रात्रीच्या बसमध्ये डाव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. वाटलं, बाहेर पाऊस असेल. सकाळी मूठभर मोहरी उधळावी तसे काळे ठिपके. ऑफिसात रिलीज होतं, दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी खालून काळा पडदा वर सरकायला लागला. नेत्रपटल, म्हणजे डोळ्याचा आतला पडदा, जागचं सुटलं होतं. मायनस नंबर जास्त असेल तर हे ठिपके आणि चमक म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. नुसती चीर असताना गेलो असतो तर लेझरवर भागलं असतं. शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला, म्हणून आठवडाभर पालथं झोपायचं आणि बुडबुडा विरेपर्यंत विमानप्रवास बंद. उंचावर तो फुगतो. गणपतीला बसने गेलो आणि मान खाली घालून आरती म्हटली.

साताऱ्याची आई

मुलगी साडेचार वर्षांची. लपाछपीत राज्य आलं की तळहाताने डावा डोळा अजिबात झाकू द्यायची नाही, चिडायची. मला लबाडी वाटली. उजवा डोळा आळशी निघाला, त्याने तिला जवळजवळ काही दिसतच नव्हतं. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. सात-आठ वर्षांच्या आत केलं तर गुण चांगला येतो. पहिला आठवडा रडारड. मग बाहुलीलाही पट्टी लावली, मग आजोबांना. आजोबा पट्टी लावूनच दूध आणायला गेले होते एकदा.

धागाकर्ती

सगळं वाचून काढलं, बाबांनाही वाचून दाखवलं. नाकाचा कोपरा दाबायची युक्ती त्यांना पटली, सातच्या बातम्यांची मुख्य बातमी संपेपर्यंत दाबून बसतात. काल दाब १८ आणि १७ आला. दादाला शनिवारची वेळ घेतली आहे. तो फोनवर म्हणाला, "मला कशाला? मला तर सगळं दिसतंय."