सीटबेल्ट कसे धुता? अनुभव सांगा

डिचोलीकर:
काल सोमवार म्हणून मंगेशीला गेलो. भाच्याने नवाकोरा पांढरा सदरा घातलेला. उतरलो तर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका तांबूस पट्टा! एकदम बाबांचे सदरे आठवले. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा ते रोज उसगावला खाणीकडे जायचे. बेल्ट लावल्याशिवाय चावी फिरवत नसत. आई रात्री साबणाच्या वडीने तो पट्टा घासायची, दुसऱ्या दिवशी परत तोच. बेल्टच धुवावा हे कुणाला सुचलं नाही. २०१२ ला खाणी बंद पडल्या, बाबाही आता नाहीत, गाडी त्यांचीच आहे. आज बेल्ट पूर्ण ओढला, तर आत गुंडाळलेला भाग अजून काळाकुळकुळीत आणि बाहेरचा विटकरी.

फोंड्याची सून:
पूर्ण ओढून तळाशी घट्ट क्लिप लावा, नाहीतर मागे पळतो. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, मऊ ब्रश. लांबीच्या दिशेने घासा. मग ओल्या फडक्याने साबण काढा आणि रात्रभर ओढलेलाच ठेवा. मी जुलैत घाईने ओलाच आत सोडला होता. आठ दिवसांत बुरशी! दार उघडलं की भिजल्या गोणपाटाचा वास. कडकडीत उन्हातही नको, सावलीत फॅन लावा.

सासष्टीकर:
ब्लीच अजिबात नको दादा. आमच्या शेजाऱ्यांनी वापरलं, डाग गेला पण पट्टा विटला. पॉलिएस्टरचा धागा त्याने कमजोर होतो आणि ते वरून दिसत नाही. कडा उसवली असेल किंवा अपघातात ताण बसला असेल तर धूत बसू नका, बदला.

अबोली:
मंगेशीला पालखी मिळाली का? आमची नेहमी चुकते.

डिचोलीकर:
मिळाली ताई. गर्दी बरीच होती.

काणकोणचो:
आमच्याकडे रेतीचा त्रास. पोरं समुद्रावरून आली की बकलात रेती, मग क्लिक होत नाही. पाणी ओतू नका, व्हॅक्यूमने ओढून घ्या. बेल्ट मागे जायला आळस करत असेल तर खांद्याजवळची कडी बघा, तिथे मळाचा चिकट थर बसतो. ओल्या फडक्याने पुसली की सरसर जातो.

अबोली:
चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतो त्या फळापानांच्या चौकटीचं) सामान मागच्या सीटवर ठेवलं, केळीच्या घडाचा चीक बेल्टला लागला. तीन वर्षं झाली, सगळं करून पाहिलं. कुणाचा गेलाय का?

फोंड्याची सून:
चीक नाही जात गं. आता घडाखाली गोणपाट घालते.

सासष्टीकर:
बाबांचं वाचून वाईट वाटलं दादा. गाडी जपा.

डिचोलीकर:
धुतला. तीन बादल्या लालभडक निघाल्या, चौथीला पाणी निवळलं. आई पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, उसगावची माती रे ती. पाणी अबोलीच्या झाडाच्या मुळाशी ओतायला लावलं. बेल्ट अजून ओला आहे, क्लिप तशीच ठेवलीय. कडी उद्या पुसतो.