छोट्या कॅम्परने लेह : घाटात गाडी दम टाकतेय, लवकर सांगा

कृष्णाकाठचा | १९ मे, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. २९ मेला सांगलीहून लेहला निघतोय, स्वतःच्या कॅम्परने. सहा महिने खपून गाडी आतून तयार केली. परवा रविवारी ट्रायल म्हणून आंबा घाटात नेली, तर साखरप्याहून वर येताना दुसऱ्या गिअरवरही ओढेना. पहिल्यावर कशीबशी वर आणली. क्लचचा जळका वास आला, टेम्परेचरचा काटा पाऊणच्या वर गेला. फिटर म्हणतो, गाडीत दोष नाही.

दोनच गोष्टी सांगा. मनालीकडून जाऊ की श्रीनगरकडून? आणि गाडी चढेल का? रजा मंजूर झालीय, त्यामुळे ‘कशाला जाता’ असं कृपया कोणी लिहू नका.

रानवारा७ | १९ मे, रात्री ११:१५

कॅम्पर बिनधास्त चढते. माझ्या चुलत भावाकडे आहे, मागे दहा-बारा पोती टाकून आंबोली चढतो. डिझेलला ताकद असते. एअर फिल्टर तेवढा बदला.

कृष्णाकाठचा | १९ मे, रात्री ११:२२

तुम्ही बोलेरो कॅम्पर पिकअप म्हणताय. माझी मारुती ईको व्हॅन आहे. तिसरी सीट काढून मागे ओटा आणि कपाटं केलीत, मधली सीट दुमडली की बेड होतो. मार्चमध्ये इथेच फोटो टाकले होते, म्हणून परत लिहिलं नाही.

घाटवाट | १९ मे, रात्री ११:४०

मग काळजी कसली? मी २०१६ साली अल्टोने मनाली-लेह केलंय. आठशे सीसी, आम्ही दोघं. टांगलांगला खिंडीत पहिला गिअर लागला, पण चढली. मनालीकडूनच जा. आता अटल बोगदा झालाय, रोहतांग चढायचीही गरज नाही. जिस्पा, बारालाचा, सर्चू, गाटा लूप्सची एकवीस वळणं, मग मोरे प्लेन्स. असा रस्ता देशात दुसरा नाही. एवढ्या लांब जाऊन तो चुकवू नका.

वंगणवाला | २० मे, सकाळी ७:०५

इचलकरंजीत माझं गॅरेज आहे, ईको रोज हाताखालून जातात. आधी एवढं सांगा, मग चढेल की नाही ते बोलू. पेट्रोल की सीएनजी? घाटात कशावर होती? एसी चालू होता का? माणसं किती? पाणी किती लिटर आणि टाकी कुठे बसवलीय? बॅटरी कुठली? क्लच प्लेट किती किलोमीटरची?

कृष्णाकाठचा | २० मे, सकाळी ९:३०

सीएनजी आहे, घाटातही सीएनजीवरच होती. एसी चालू होता, ऊन मरणाचं होतं. आम्ही चौघं. क्लच प्लेट गाडी घेतल्यापासूनची आहे, ६१ हजार झालेत. पण याचा रूटशी काय संबंध? मनाली की श्रीनगर, तेवढं सांगा ना.

वंगणवाला | २० मे, दुपारी १:१०

संबंध आहे. सीएनजीवर ताकद साधारण दहा टक्के कमी मिळते. त्यात एसी इंजिनाची ताकद खातो. म्हणजे आंबा घाटात तुम्ही आधीच दुबळी केलेली गाडी चढवत होता.

आता उंचीचं बघा. टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाला वर हवाच कमी मिळते. दर हजार मीटरला ताकद ढोबळमानाने एक दशांशाने उतरते. जुन्या ईकोला ७३ हॉर्सपॉवर. टांगलांगला ५,३२८ मीटरवर आहे, तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्याही खाली जाते. ७३ मधले जेमतेम ४२-४३ उरतात. श्रीनगर रस्त्यावरची सगळ्यात उंच खिंड फोटूला, ४,१०८ मीटर. तिथे ४८ च्या आसपास मिळतील. जमिनीवर हा फरक कळत नाही, चढावर गाडी उभी राहून परत उचलायची वेळ आली की कळतो.

अल्टो चढली म्हणणाऱ्यांना एकच सांगतो. अल्टोत दोन माणसं आणि दोन बॅगा होत्या. हिच्यात फर्निचर आहे.

पाण्याचं आणि बॅटरीचं तुम्ही सांगितलंच नाही.

घाटवाट | २० मे, दुपारी १:४५

हिशेबावर गाड्या चालत नाहीत, चालवणाऱ्यावर चालतात. मी माझा अनुभव लिहिला. त्या रस्त्याने दरवर्षी भरलेले ट्रक जातात.

वंगणवाला | २० मे, दुपारी २:००

ट्रकला टर्बो असतो, शिवाय लोडसाठीचे गिअर असतात. मुद्दा तोच आहे.

नियमित | २० मे, दुपारी ३:२०

चढण्याआधी कागद बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील आणि कंपनीचा मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलंय. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. सीट कमी केली ती आरटीओत नोंदवली का? अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल.

रानवारा७ | २० मे, दुपारी ३:४१

बोल्ट न मारता नुसती ठेवलेली लाकडी पेटी असेल तर ते सामानच झालं ना?

नियमित | २० मे, दुपारी ४:०५

न बांधलेली पेटी अचानक ब्रेक लागला की पुढच्याच्या पाठीत येते. कायद्यातून सुटण्यासाठी सुरक्षितता सोडू नका. आरटीओत जाऊन लेखी विचारा.

शुभदा_नाशिक | २० मे, रात्री ८:३०

कृष्णाकाठचा दादा, चौघं म्हणजे कोण? बरोबर लहान मूल किंवा वयस्क माणूस आहे का? आम्ही दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन गेलो होतो. रूट गाडीच्या आधी माणसांवर ठरतो.

कृष्णाकाठचा | २० मे, रात्री ९:१२

मी, बायको, मुलगी (वय ११) आणि आई. आई ६७ वर्षांची, बीपीची गोळी सुरू आहे. माझे बाबा कारगिल युद्धाच्या वेळी द्रासला होते. आईला ती जागा एकदा बघायची आहे, म्हणूनच गाडी केली. तिला प्रवासात आडवं होता यावं, रात्री गरम पाणी मिळावं, एवढंच डोक्यात होतं.

पाणी शंभर लिटर, टाकी छतावर. बॅटरी घरच्या इन्व्हर्टरचीच, १५० एएच.

शुभदा_नाशिक | २० मे, रात्री ९:४०

दादा, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं. द्रास श्रीनगरच्याच रस्त्यावर आहे. प्रश्न तिथेच संपला.

मनालीकडून गेलात तर पहिले दोन दिवस बरे जातात, मग सर्चूला ४,२९० मीटरच्या आसपास झोपावं लागतं. मनाली आहे २,०५०. आमच्या ओळखीतल्या एका बाईंना सर्चूच्या तंबूत मध्यरात्री त्रास सुरू झाला, आणि तिथून खाली यायला खिंड ओलांडावी लागते. श्रीनगरकडून चढण हळूहळू आहे. श्रीनगर १,५८५, कारगिल २,६७६, लेह ३,५००. तीन हजारच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. म्हणून श्रीनगरला दोन रात्री, कारगिलला दोन, मग खलत्सेला एक (साधारण तीन हजार) आणि मग लेह. बीपीची गोळी आहे तर डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांनाच विचारा, मनाने देऊ नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही त्यांना सांगा.

घाटवाट | २० मे, रात्री १०:०२

आई बरोबर आहेत हे माहीत नव्हतं. मग श्रीनगरच. माझा सल्ला मागे घेतो. परत येतानाही मनालीचा मोह धरू नका, तो रस्ता पुन्हा कधीतरी दोघांनी करा.

डेन्वरची_वर्षा | २१ मे, पहाटे ४:५०

इथून, अमेरिकेतून थोडं. आमच्याकडे जुनी फोक्सवॅगन कॅम्पर व्हॅन होती, १.९ लिटर, ८० च्या जवळपास हॉर्सपॉवर, आणि गाडी दोन टनांच्या घरात. डेन्वर १,६०० मीटरवर. आय-७० महामार्गाने पश्चिमेला निघालं की शंभरएक किलोमीटरवर आयझेनहॉवर बोगदा येतो, ३,४०० मीटर. पहिल्या वर्षी नवरा उजव्या लेनमध्ये जायला तयारच नसे. मागून गाड्या येतात म्हणून तो इंजिन पिळायचा आणि काटा वर चढायचा. नंतर आम्ही पहाटे निघू लागलो, उजव्या लेनमध्ये ट्रकच्या मागे, ताशी साठला, धोक्याचे दिवे लावून. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्या. काटा वर जायला लागला की एसी बंद आणि हीटर फुल. गाडीत भट्टी होते, पण रेडिएटरमधली उष्णता बाहेर पडते. तुम्हाला वाटेत बिजासन घाटात आणि धामनोदहून मानपूरला चढताना हे लागेल.

आणि वर भात शिजत नाही. कुकर न्या.

रानवारा७ | २१ मे, सकाळी ८:१०

कुकर नेला तरी वरण शिजत नाही म्हणतात.

शुभदा_नाशिक | २१ मे, सकाळी ८:३५

शिजतं. दर तीनशे मीटरला पाणी एक अंशाने लवकर उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ कच्ची राहते. आम्ही द्रासला मुगाची खिचडी केली, दोन शिट्ट्या जास्त लागल्या. तूरडाळ नेऊच नका, मूग-मसूर न्या. मेतकूट आणि भाजणीही घ्या.

वंगणवाला | २१ मे, सकाळी ९:००

तेच रेडिएटरलाही लागू आहे. वर पाणी लवकर उकळतं, म्हणून झाकण दाब धरणारं हवं. रबर कडक झालं असेल तर नवीन टाका, दोन-तीनशेचं काम आहे. साधं पाणी भरू नका, कूलंटच.

आणि दादा, शंभर लिटर पाणी छतावर? वळणावर गाडी झुलते ती त्यामुळे. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी एकटी साठ किलोच्या आसपास. प्लाय कुठला वापरला?

कृष्णाकाठचा | २१ मे, सकाळी ९:२५

१९ एमएम. चार शीट लागल्या.

वंगणवाला | २१ मे, सकाळी ९:३१

एक शीट तीस-पस्तीस किलोची. तुमच्या सांगलीत उसाच्या गाड्यांचे वजनकाटे कमी नाहीत. गाडी पूर्ण भरा, पाण्यासकट, घरच्या सगळ्यांना बसवा आणि काट्यावर घाला. आरसीवर पासिंग (भरलेल्या गाडीचं मंजूर वजन) किती आहे ते बघून फरक इथे लिहा.

पेट्रोलभरोसे | २१ मे, सकाळी १०:४०

सीएनजीची टाकीच काढून टाका, साठ-सत्तर किलो वाचतील. वर तसंही सीएनजी मिळत नाही.

नियमित | २१ मे, सकाळी ११:००

टाकी अशी काढता येत नाही, आरसीवर इंधनाची नोंद आहे. टाकीची तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) झालीय का, ते मात्र बघा.

पेट्रोलभरोसे | २१ मे, सकाळी ११:१५

मी काढली, कोणी विचारलं नाही.

वंगणवाला | २१ मे, सकाळी ११:३०

कोणी विचारलं नाही म्हणून दुसऱ्याला सांगू नका. गॅसची लाइन घरी उघडायची नसते. टाकी राहू दे, जम्मूच्या पुढे पेट्रोलवर चालवा, घाटात तर इथूनच पेट्रोलवर.

कृष्णाकाठचा | २२ मे, संध्याकाळी ६:४८

काट्यावर घातली. पासिंगपेक्षा १९० किलो जास्त. पावती हातात घेऊन पंधरा मिनिटं गाडीत बसून होतो. सहा महिने मी एकेक गोष्ट आत घालत गेलो, कशाचंच वजन केलं नाही.

आज क्लचही उघडला. प्रेशर प्लेटवर तापून पडलेले निळे डाग, प्लेट कडेने झिजलेली. नवीन सेट टाकतोय.

डेन्वरची_वर्षा | २२ मे, रात्री ८:२०

पाणी कमी करा. वाटेत सगळीकडे मिळतं, वीस लिटरचा कॅन पुरे.

शेखाटी | २२ मे, रात्री ९:०५

धागा वाचत होतो. गरम पाण्याचं वाचून लिहावंसं वाटलं. रात्री थंडी वाजली तरी बंद गाडीत गॅसची शेगडी किंवा काश्मिरी कांगडी (निखाऱ्यांची टोपली) पेटती ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळत नाही. आमच्या घरातला माणूस असा गेला आहे. पाणी झोपण्याआधी दार उघडं ठेवून तापवा, थर्मासमध्ये भरा, शेगडी पूर्ण बंद करा. आईंना गरम पाण्याची पिशवी द्या. पेट्रोलचे कॅनही झोपायच्या गाडीत नकोत.

कृष्णाकाठचा | २२ मे, रात्री ९:३०

शेखाटी दादा, वाईट वाटलं. शेगडी बाहेरच पेटवू. आईच्या पिशव्या आजच घेतल्या.

कृष्णाकाठचा | २६ मे, दुपारी १२:१५

छतावरची टाकी उतरवली, आत वीस लिटरचा कॅन. इन्व्हर्टर आणि बॅटरी घरी. वरची कपाटं काढली, बेडला १२ एमएमची फळी. वजन परत केलं, पासिंगच्या तीस किलो आत आलं. आरटीओत सीटबद्दल लेखी अर्ज दिला. तिथल्या साहेबांच्या सांगण्यावरून सीट पुन्हा बसवून दुमडून ठेवलीय, वजन त्यासकट आहे.

आज पहाटे परत साखरपा ते आंबा, सगळे बसून, पेट्रोलवर, एसी बंद. दोन वळणं सोडली तर पूर्ण घाट दुसऱ्या गिअरवर. काटा मध्यावर, वास नाही. वर आल्यावर आईने विचारलं, “घाट झाला का सुरू?”

झोजीला खिंडीचं कोणी सांगेल का?

शुभदा_नाशिक | २६ मे, दुपारी १:३०

आईंना नमस्कार सांगा! झोजीला ३,५२८ मीटर. चढ जितका, त्यापेक्षा चिखल जास्त. दुपारी बर्फ वितळून रस्त्यावर पाणी येतं, म्हणून पहाटे निघा. एका बाजूने गाड्या सोडतात, वेळा बदलतात, आदल्या रात्री सोनमर्गला पोलिसांकडे विचारा. पुढची गाडी चिखल पार करेपर्यंत मागे थांबा, मध्ये अडकू नका.

वंगणवाला | २६ मे, दुपारी २:१०

ब्रेक ऑइल बदलून घ्या, हे राहिलं होतं. उंचीवर ब्रेकचं पॅडल कडक लागेल. ब्रेकला जोर देणारा बूस्टर व्हॅक्युमवर चालतो आणि वर हवेचा दाबच कमी असतो. घाबरू नका, पाय जास्त दाबा. ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा, न्यूट्रल कधीच नाही. परतताना मानपूरहून धामनोदकडे उतरायचं आहे. तिथल्या जुन्या गणपती घाटात ट्रकचे ब्रेक जाऊन किती अपघात झालेत ते तुम्हाला माहीत असेल. ट्रकच्या पुढे राहू नका, त्यांना जाऊ द्या.

घाटवाट | २६ मे, दुपारी २:३०

द्रासच्या स्मारकापाशी सकाळी पोचा, दुपारनंतर वारा सुटतो. आईंना निवांत बसू द्या, लेहची घाई करू नका.

रानवारा७ | २६ मे, दुपारी ३:०२

उतरवलेली टाकी विकायची आहे का? मला शेतावर हवी होती.

कृष्णाकाठचा | २६ मे, दुपारी ३:२०

आहे. व्यक्तिगत निरोप करा. २८ च्या आत न्या.